सही कुणाची?

एखाद्या किराणा दुकानदाराची वही उघडून पाहा. जमा, बाकी, वसूल, नफा, हिशेब हे सगळे शब्द मूळचे अरबी. खुद्द 'दुकान' हा शब्दही आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेनं आला. सौदा जुळवणाऱ्या मधल्या माणसाला आपण दलाल म्हणतो, तोही अरबीच. आणि आपल्या वतीनं बोलणारा, कागदावर सही करणारा माणूस म्हणजे वकील. पेशवाईत हा वकील परदरबारी बसायचा, आता तो कोर्टात उभा राहतो. अरबांच्या व्यापारात मात्र त्याची जागा बाजारात होती. अरब स्त्रियांचा व्यापार-उद्योग आणि त्यांना उभं करण्यासाठी झालेले प्रयत्न, हा आजचा विषय. ही सगळी गोष्ट या एका 'वकील' शब्दाभोवती सांगता येईल असं मला वाटतं.

अरब स्त्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. काळ्या अबायात गुरफटलेली, घराच्या भिंतीआड राहणारी, बाजार आणि पैसा यांच्याशी काही संबंध नसलेली बाई. अशा बाईला धंदा करायचा तर आधी तिला धंदा शिकवायला हवा, असं मग ओघानंच वाटतं. गेल्या चाळीसएक वर्षांत तिथं निघालेल्या अनेक प्रशिक्षण योजनांच्या मुळाशी हीच समजूत होती. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

सुरुवात मक्केपासून करू. सहाव्या शतकातली मक्का म्हणजे डोंगरांमधली एक रखरखीत घळ. शेती नाही, नदी नाही. गाव जगायचं ते व्यापारावर. हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात सीरियाकडे, असे उंटांचे तांडे निघत. या तांड्यांमध्ये ज्यांचा माल असे, त्यांत खदीजा नावाची एक विधवा होती. भांडवल तिचं स्वतःचं. ती काही तांड्याबरोबर जात नसे. ती माणसं नेमायची, त्यांच्या हाती माल द्यायची आणि परत आल्यावर नफ्यातला ठरलेला वाटा त्यांना द्यायची. भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची आणि नफा वाटून, अशा या व्यवहाराला पुढे इस्लामी कायद्यात 'मुदारबा' असं नाव मिळालं.

परंपरा असं सांगते, की सीरियाच्या खेपेसाठी तिनं एका पंचविशीच्या तरुणाला निवडलं, कारण गावात तो सचोटीचा म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्याबरोबर तिनं मैसरा नावाचा आपला नोकरही दिला. खेप चांगल्या नफ्याची झाली, आणि पुढे लग्नाची बोलणीही तिच्याच बाजूनं सुरू झाली. तो तरुण म्हणजे पुढचे प्रेषित महंमद. धर्मकथा म्हणून ही हकिकत सर्वांना ठाऊक असते. व्यापाराच्या अंगानं पाहिलं, तर तिच्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पैसा बाईचा होता आणि बाजारात जाणारा माणूसही बाईनंच पारखून नेमलेला होता. तो नको झाला, तर बदलण्याचा अधिकार तिच्याकडे होता.

इस्लामी कायद्यानं स्त्रीला वारसाहक्क दिला. भावाच्या निम्मा, म्हणजे समान नव्हे. पण जे मिळालं ते तिचं. लग्नात ठरलेला मेहरही तिचाच. नवऱ्याला त्यावर हात टाकता येत नसे. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला आपल्या मालमत्तेवर असा पुरता हक्क मिळायला १८८२ साल उजाडावं लागलं. त्यामुळे कैरो, अलेप्पो, दमास्कस या शहरांतल्या काझींच्या दफ्तरांमध्ये बायका पदोपदी भेटतात. घर विकणाऱ्या, दुकान भाड्यानं देणाऱ्या, कर्जवसुलीसाठी फिर्याद करणाऱ्या, आपली इमारत धर्मादाय वक्फ करून तिचा कारभार स्वतःकडे ठेवणाऱ्या. घरंदाज बाई काझीपुढे स्वतः जायची नाही, तिचा वकील जायचा. पण तो तिच्या सांगण्यावरून जायचा.

कैरोत बाब झुवेला नावाची जुनी वेस आहे. तिच्याजवळ १७९६ साली बांधलेली एक देखणी वास्तू आजही उभी आहे. खाली येणाऱ्याजाणाऱ्यासाठी पाण्याची सोय आणि वर मुलांची शाळा. बांधणारीचं नाव नफीसा अल-बैदा. गुलाम म्हणून कैरोत आलेली ही बाई आधी अली बे आणि मग मुराद बे या दोन बलाढ्य मामलुक सरदारांच्या घरची कारभारीण झाली. तिची मिळकत होती व्यापारातून. पाणपोईशेजारीच तिची 'वकाला' होती. वकाला म्हणजे मोठा चौक असलेली व्यापारी इमारत. तळमजल्यावर वखारी आणि वर भाड्याच्या खोल्या. परगावचे व्यापारी आणि त्यांचे वकील जिथं उतरत, माल ठेवत आणि सौदे करत, ती वकाला. शब्दाचं मूळ तेच. १७९८ मध्ये नेपोलियनच्या फौजा आल्या, मुराद बे दक्षिणेकडे पळाला. पण नफीसा कैरोतच राहिली. फ्रेंचांनी लादलेली मोठी खंडणी तिनं भरली आणि त्यांच्याशी बोलणीही केली. पुढे महंमद अलीच्या राजवटीत जुन्या सरदार घराण्यांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, आणि १८१६ साली ती वारली तेव्हा पूर्वीचं वैभव उरलं नव्हतं.

इजिप्तच्या इतिहासकार अफाफ लुत्फी अल-सय्यद मार्सो यांनी या काळातल्या स्त्रियांचा अभ्यास केला आहे. त्यांचं म्हणणं विचार करायला लावणारं आहे. बायका व्यापारातून बाहेर फेकल्या गेल्या त्या जुन्या काळात नव्हे, तर आधुनिक म्हणवणाऱ्या काळात, असं त्या म्हणतात. एकोणिसाव्या शतकात सगळी सत्ता आणि व्यापार सरकारच्या हाती एकवटला. मागोमाग युरोपच्या वळणाच्या बँका, शेअर बाजार, विमा कंपन्या आल्या. त्या ज्या देशांतून आल्या, तिथल्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला व्यवहारात स्वतंत्र स्थानच नव्हतं. पूर्वी सौदा चौकात, घराच्या ओट्यावर, काझीच्या समोर होत असे. आता तो बँकेच्या खिडकीवर आणि कंपनीच्या कचेरीत होऊ लागला. तिथं बाईला खुर्ची नव्हती. तिच्याजवळचा पैसा कायम राहिला, पण तो फिरवण्याची जागा हातची गेली.

कैरोसारख्या राजधानीपासून दूर, इराणच्या आखाताच्या काठावर, साध्या घरांमधली स्थिती जराशी निराळी होती. तिथली गावं मोत्यांवर जगत. उन्हाळ्याचे चार महिने पुरुष पाणबुडे होऊन समुद्रावर असत आणि घर, उधारी, देणंघेणं बायकांच्या अंगावर पडे. कुवेतच्या जुन्या बाजारात 'सूक अल-हरीम', म्हणजे बायकांचा बाजार होता. जमिनीवर बसून बायका कापड, काजळ आणि किरकोळ जिन्नस विकत. या आखाताचा व्यापार मुंबईशी घट्ट बांधलेला होता. मोती मुंबईला यायचे, कापड आणि तांदूळ इकडून जायचा, आणि कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपयाच चालत होता. म्हणजे त्या बाजारातल्या विक्रेतीच्या पदराच्या गाठीला आपलंच नाणं असणार! ओमानमध्ये इब्रा गावी बुधवारी भरणारा बायकांचा बाजार तर आपल्या काळातही नावाजलेला आहे.

मग तेल आलं. सौदी अरेबियात १९७०च्या दशकात पैशाचा पूर आला आणि वारसाहक्कानं त्यातला वाटा स्त्रियांच्या नावावरही जमा होऊ लागला. १९८०च्या सुमारास खास स्त्रियांसाठी बँकेच्या शाखा निघाल्या. दारापासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्या बायकाच. पण खात्यात पैसे ठेवता येणं निराळं आणि त्या पैशावर धंदा उभा करणं निराळं. दुकानाचा परवाना काढायचा, तर सरकारी कचेरीत बाईला प्रवेश नाही. तिच्या वतीनं तिथं जायला पुरुष हवा. त्या पुरुषाचं कायद्यातलं नाव, वकील!

शब्द तोच, पण अर्थ पार उलटा झालेला. खदीजानं नेमलेला माणूस तिचं काम करायचा, आणि ती त्याला काढू शकत होती. इथं वकील नसेल तर बाईचा धंदाच अस्तित्वात येत नव्हता. भांडवल तिचं, जोखीम तिची, आणि परवान्याच्या कागदावर सही दुसऱ्याची. तो भाऊ असला तर त्याची मर्जी सांभाळायची. परका असला तर नुसत्या नावासाठी त्याला पगार द्यायचा आणि उद्या तो उलटणार नाही एवढीच आशा धरायची.

याशिवाय एक अडचण होती, जी कुठल्याच कायद्यात लिहिलेली नव्हती. कुवेतमध्ये घराघरांतून 'दिवाणिया' भरते. संध्याकाळी पुरुष मंडळी जमतात, कॉफी होते, गप्पा होतात. कोणतं टेंडर निघणार, कुणाचा माल पडून आहे, कोणता अधिकारी बदलला, हे सगळं तिथं कळतं. इतर देशांत हेच काम मजलिस करते, कैरोत कॉफीगृहं करतात. आपण ज्याला वशिला म्हणतो, त्याला तिकडे 'वास्ता' म्हणतात (वशिला हा आपला शब्दही मूळ अरबीच!). हा वास्ता तयार होण्याची जागा म्हणजे या बैठका, आणि त्यांत बाई नसते. अलीकडे ज्याला 'नेटवर्किंग' असं भारदस्त नाव आहे, ते पुरुषांना या बैठकीत बसल्याबसल्या मिळत होतं. बायकांना त्यासाठी संस्था काढाव्या लागल्या.

या संस्थांचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२३ साली हुदा शारावी यांनी इजिप्शियन फेमिनिस्ट युनियन स्थापन केली. मताधिकाराच्या मागणीबरोबरच गरीब मुलींना हस्तकला शिकवणारी कार्यशाळा आणि दवाखाना हेही त्या संस्थेचं काम होतं. १९६५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या अल-बीरा इथं समीहा खलील यांनी 'इनाश अल-उस्रा' ही संस्था काढली. नावाचा अर्थ, कुटुंबाला पुन्हा उभं करणं. शिवण, भरतकाम, खाद्यपदार्थ असे वर्ग तिथं चालत. आणि ज्या बायकांना घर सोडता येत नव्हतं, त्यांच्या हातचं भरतकाम संस्था विकून देई. दोन वर्षांतच तो प्रदेश इस्रायलच्या ताब्यात गेला. अनेक घरांतले पुरुष तुरुंगात वा परागंदा झाले, तेव्हा या टाक्यांवर चुली पेटल्या. १९८८ मध्ये लष्करी प्रशासनानं संस्थेला टाळं ठोकलं. पुढे ती पुन्हा सुरू झाली. याच समीहा खलील १९९६ मध्ये अध्यक्षपदासाठी यासर अराफत यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. समोर दुसरा कुणीच उमेदवार नव्हता.

जॉर्डनमध्ये १९८५ साली बनी हमीदा जमातीच्या स्त्रियांचा विणकाम प्रकल्प सुरू झाला. जमिनीवरच्या मागावर मेंढीच्या लोकरीचे गालिचे विणणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, ते आईकडून मुलीकडे आलेलंच होतं. त्यांना हवं होतं गिऱ्हाईक. रंगसंगती, मापं आणि शहरातली विक्री यांची सांगड घालून दिल्यावर तेच गालिचे परदेशात जाऊ लागले.

कैरोतल्या गरीब वस्त्यांमध्ये १९८७ पासून 'असोसिएशन फॉर द डेव्हलपमेंट अँड एन्हान्समेंट ऑफ विमेन' ही संस्था काम करू लागली. जिच्या एकटीवर घर चालतं, अशा बाईला छोटं कर्ज द्यायचं, हा तिचा हेतू. पण काम सुरू होताच निराळीच अडचण समोर आली. अनेक बायकांकडे ओळखपत्रच नव्हतं. काहींच्या जन्माचीच नोंद नव्हती. सरकारच्या लेखी जी बाई जन्मलीच नाही, ती कर्जाच्या कागदावर सही कशी करणार? तेव्हा कर्जाच्या जोडीला जन्मदाखले आणि ओळखपत्रं मिळवून देणं, हाही संस्थेच्या कामाचा मोठा भाग झाला. हिशेब लिहायला शिकवण्याआधी बाईला स्वतःचं नाव मिळवून द्यावं लागलं.

शहरी, सुस्थितीतल्या उद्योजिकांच्या संघटना यानंतरच्या. ट्युनिसियात १९९० मध्ये उद्योजकांच्या राष्ट्रीय महासंघातच स्त्रियांचं स्वतंत्र दालन सुरू झालं. २००० साली मोरोक्कोत आणि बहरिनमध्ये, २००२ मध्ये दुबईत व्यावसायिक स्त्रियांच्या संघटना निघाल्या. महिन्याला बैठक, अनुभवी बाईनं नवख्या बाईचा हात धरणं, परदेशी प्रदर्शनांत एकत्र गाळा घेणं, बँकेशी गटानं बोलणं, असं त्यांचं काम. याला कुणी श्रीमंत बायकांचं चहापान म्हणून हिणवलं, आणि टीका अगदीच चुकीची नव्हती. कैरोच्या झोपडीतली बाई तिथं पोचत नव्हती. पण दिवाणियातही कॉफीच तर पितात! ट्युनिसियात उद्योजकांच्या त्याच महासंघाचं नेतृत्व पुढे विदाद बुशमावी या बाईंकडे आलं. अरब उठावानंतर देश यादवीच्या उंबरठ्यावर असताना समेट घडवून आणणाऱ्या ज्या चार संघटनांना मिळून २०१५ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला, त्यांत हा महासंघ होता.

सौदी अरेबियात २००४ हे साल महत्त्वाचं ठरलं. जानेवारीत जेद्दाहच्या आर्थिक परिषदेत उद्योजिका लुबना ओलायान यांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र सभेपुढे बीजभाषण केलं. बोलता बोलता त्यांच्या डोक्यावरचा रुमाल मागे सरकला, आणि देशाच्या मुख्य मुफ्तींनी कडक शब्दांत निषेध केला. त्याच वर्षी जेद्दाहच्या व्यापारी मंडळात स्त्रियांसाठी एक केंद्र सुरू झालं. नाव दिलं, खदीजा बिन्त खुवैलिद केंद्र. नाव निवडण्यात मोठी चतुराई होती. प्रेषितांच्या पत्नीच्या व्यापाराला नावं कोण ठेवणार? २००५ मध्ये त्या मंडळाच्या निवडणुकीत लमा अल-सुलेमान आणि नशवा ताहेर या दोघी निवडून आल्या. परंतु वकिलाची अट कागदोपत्री सैल होऊनही कचेऱ्यांमध्ये चालूच राहिली. खदीजाच्या नावाच्या केंद्रात धंद्याचे धडे घेणाऱ्या बाईला परवान्यासाठी मात्र पुरुषच लागत होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सौदी सरकारनं जाहीर केलं, की पालक पुरुषाच्या संमतीवाचून स्त्रीला आपला व्यवसाय नोंदवता येईल. जूनमध्ये मोटार चालवण्याची बंदी उठली. २०१९ मध्ये एकविसाव्या वर्षापुढील स्त्रीला स्वतः पासपोर्ट काढण्याची मुभा मिळाली. परिणाम झपाट्यानं दिसला. २०१७ मध्ये कामधंद्यात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या सौदी स्त्रियांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या आत होतं, ते चार-पाच वर्षांत एक तृतीयांशापर्यंत गेलं. एवढ्या थोड्या अवधीत लाखो बायकांना कुणी नवं कौशल्य शिकवलेलं नव्हतं. कौशल्य होतंच, दार उघडलं गेलं. या चित्राला एक काळी कडाही आहे. मोटारबंदी उठण्याच्या काही आठवडे आधी, ती उठावी म्हणून वर्षानुवर्षं झगडणाऱ्या स्त्रियांनाच अटक झाली. हक्क मिळाला, पण तो मागितला म्हणून मिळाला असं कुणी म्हणू नये, असाच त्याचा अर्थ.

मग प्रशिक्षणाचा उपयोग किती? जागतिक बँकेनं २००७ मध्ये पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या आठ देशांच्या ४,८३२ कंपन्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या अवघ्या १३ टक्के कंपन्या स्त्रियांच्या मालकीच्या होत्या. मात्र ज्या होत्या, त्या पुरुषांच्या कंपन्यांपेक्षा लहान किंवा कमजोर नव्हत्या. म्हणजे उंबरठा उंच होता, ओलांडल्यावर चालता येत होतं. जॉर्डनमध्ये २०१०-११ च्या सुमारास पदविकाधारक तरुणींवर एक प्रयोग झाला. काहींना संभाषणकौशल्याचं प्रशिक्षण दिलं, काहींना मालकानं नोकरीवर घ्यावं म्हणून पगाराचं अनुदान दिलं. अनुदान होतं तोवर नोकऱ्या मिळाल्या, संपताच बहुतेक गेल्या. आणि नुसत्या प्रशिक्षणानं नोकऱ्यांचं प्रमाण सरासरीत वाढलं नाही. हा प्रयोग नोकरीचा होता, धंद्याचा नव्हे. पण इशारा दोन्हीकडे लागू पडतो.

उलट बाजूचा एक पुरावा आपल्या शेजारचा, अहमदाबादचा आहे. 'सेवा' बँकेच्या खातेदार स्त्रियांना दोन दिवसांचं धंद्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. काहींना एकटीनं बोलावलं, तर काहींना सांगितलं, की येताना एक मैत्रीण घेऊन या. शिकवणं तेच, दिवस तेवढेच. पण मैत्रिणीबरोबर आलेल्यांनी धंद्यासाठी अधिक कर्जं घेतली, त्यांचं कामही वाढलं आणि घरची मिळकतही. ज्या समाजांत बायकांच्या हिंडण्याफिरण्यावर बंधनं जास्त, तिथं हा परिणाम अधिक ठळक होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास भारतातला असला, तरी कुवेतच्या दिवाणियाचं मर्म तो सांगून जातो. सोबत असली, की पाऊल उचलतं.

तेव्हा अरब स्त्रियांना उद्योगात मदत करायची, तर पहिला प्रश्न त्यांना काय येत नाही, हा नसावा. बनी हमीदाच्या विणकरणीला माग येत होता, कैरोच्या बाईला मोलभाव येत होता, जेद्दाहच्या बाईकडे तर भांडवलही होतं. विचारायचं ते एवढंच. कागदावर सही कुणाची लागते आणि बाजारात तिच्या बाजूनं बोलणारं कोण आहे? ज्या संस्थांनी हे विचारलं, त्यांची कामं टिकली. चौदाशे वर्षांपूर्वी मक्केतल्या एका विधवेकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरं होती. सही तिची होती, आणि माणूसही तिनंच निवडला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)